स्कारबरोचे स्टीफन जोसेफ नाट्यगृह : एवढ्याशा गावात नवी नाटके कशी टिकली?

करवीरनिवासी

सर्वांना नमस्कार.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमकी केशवरावांची जयंती असताना, कोल्हापूरकरांना काळवंडलेल्या भिंती पाहाव्या लागल्या. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभे केलेले हे नाट्यगृह होते तसे परत मिळावे, याविषयी गावात दुमत असण्याचे कारण नाही. आमच्या हौशी मंडळात वाद चालतो तो त्यापुढच्या प्रश्नावर. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटके दौऱ्यावर यावीत, राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत स्थानिक संघांनी तालमी करून घाम गाळावा आणि उरलेले वर्ष सभा, सत्कार व स्नेहसंमेलने यांनी भरून काढावे, हा क्रम आपल्याकडे इतका अंगवळणी पडला आहे की, येथे लिहिलेले नवे नाटक येथल्याच पगारी नटांनी येथे प्रथम सादर करावे आणि मग ते बाहेर जावे, ही कल्पनाच कोणाला सुचत नाही.

हे होऊ शकते असे सांगणाऱ्यांपैकी एकाने इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील स्कारबरो या गावाचे उदाहरण दिले. उन्हाळ्यात सहलीला येणाऱ्यांवर जगणारे, सुमारे साठ हजार वस्तीचे, म्हणजे कोल्हापूरच्या मानाने अगदीच लहान गाव. आणि तेथे १९५५ पासून नव्या नाटकांचे नाट्यगृह चालू आहे. या नाट्यगृहाशी जोडले गेलेले इंग्रज नाटककार ॲलन एकबॉर्न यांचे नाव मला ठाऊक होते, त्यांची दोन-तीन नाटके वाचलीही होती, परंतु ते लंडनच्या रंगभूमीचे लेखक असावेत अशी माझी समजूत होती. हे नाट्यगृह कसे उभे राहिले, इमारती बदलूनही ते टिकले कशावर, आणि प्रेक्षक चहूबाजूंनी बसवण्याच्या त्यांच्या पद्धतीचा या टिकण्याशी खरोखर काही संबंध आहे का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

---

पेनाइनपलीकडे

करवीरनिवासी, प्रश्न चांगला काढलात. नोकरीनिमित्त काही वर्षे लीड्सला होतो, त्यामुळे स्कारबरोला वरचेवर जाणे होत असे. मूळ हकिगत सांगतो. ती थोडी लांबेल.

या नाट्यगृहाचे संस्थापक स्टीफन जोसेफ (१९२१–१९६७) हे अभिनेत्री हर्मायनी गिंगोल्ड आणि प्रकाशक मायकेल जोसेफ यांचे चिरंजीव. अमेरिकेत शिकत असताना त्यांना मध्यभागी रंगमंच आणि सभोवती प्रेक्षक या मांडणीची ओढ लागली. मार्गो जोन्स यांनी डॅलस येथे १९४७ साली त्या पद्धतीचे व्यावसायिक नाट्यगृह सुरू केलेले होते. इंग्लंडमध्ये परतल्यावर जोसेफ यांनी 'स्टुडिओ थिएटर' नावाची मंडळी काढली आणि रविवारी लंडनच्या फिट्झरॉय चौकातील महात्मा गांधी सभागृहात प्रयोग केले. (होय, हे सभागृह आपल्याच महात्म्याच्या नावाचे. इंग्रजी रंगभूमीच्या इतिहासात ते नाव अचानक समोर येते, तेव्हा मौज वाटते.) परंतु लंडनमध्ये त्यांना कायमची जागा काही मिळाली नाही.

स्कारबरोशी गाठ पडली ती एका नाट्यशिबिराच्या निमित्ताने. गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात पहिल्या मजल्यावर एक मैफलीची खोली होती. ती जोसेफ यांच्या नजरेत भरली, ग्रंथपालांनी त्यांना साथ दिली आणि १९५५ च्या उन्हाळ्यात तेथे 'लायब्ररी थिएटर' सुरू झाले. खोलीत जेमतेम अडीचशे माणसे मावत. हंगाम सुरू होताना लाकडी पायऱ्या रचून त्यांवर खुर्च्या मांडायच्या आणि हंगाम संपला की सगळे उचलून खोली ग्रंथालयाच्या स्वाधीन करायची, असा व्यवहार होता. पडदा नव्हता, विंग नव्हती, वरून दृश्ये सोडण्याची सोय नव्हती. ज्याला आपण रीतसर नाट्यगृह म्हणू, त्यातले जवळजवळ काहीच तेथे नव्हते. तरीही पहिल्या हंगामापासून भर राहिला तो नव्या लेखकांच्या नव्या नाटकांवर.

१९५७ साली अठरा वर्षांचा एक मुलगा रंगमंच-व्यवस्थापनातला मदतनीस आणि किरकोळ भूमिका करणारा नट म्हणून या मंडळीत आला. तो ॲलन एकबॉर्न. मिळालेल्या भूमिकेविषयी त्याने कुरकुर केली तेव्हा, चांगली भूमिका हवी असेल तर स्वतःच लिही, असे जोसेफ यांनी त्याला सुनावले. त्यातून १९५९ मध्ये 'द स्क्वेअर कॅट' हे त्याचे पहिले नाटक 'रोलंड ॲलन' या टोपणनावाने तेथे आले आणि त्यातली गिटारवाल्या गायकाची भूमिका त्याने स्वतःसाठीच लिहून घेतली होती. त्याच सुमारास नाटककार हॅरल्ड पिंटर यांचे 'द बर्थडे पार्टी' लंडनमध्ये आठवड्याभरात कोसळले होते. जोसेफ यांनी पिंटरनाच बोलावून त्यांच्या दिग्दर्शनाखाली ते पुन्हा उभे करवले आणि त्यातल्या स्टॅन्लीची भूमिका एकबॉर्न यांनी केली. लंडनच्या समीक्षकांनी टाकून दिलेले नाटक किनाऱ्यावरच्या ग्रंथालयातल्या एका खोलीत चालवून पाहण्याची ही वृत्ती, माझ्या मते, जोसेफ यांच्या गोल रंगमंचाहून मोठी होती.

पुढे जोसेफ यांनी पीटर चीझमन यांना हाताशी धरून १९६२ मध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट येथे एका जुन्या सिनेमागृहात व्हिक्टोरिया थिएटर सुरू केले. स्वतः जोसेफ मँचेस्टर विद्यापीठात नाट्यविषय शिकवू लागले, आणि १९६७ मध्ये अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने गेले. एकबॉर्न मधली काही वर्षे लीड्सला बीबीसीच्या नभोनाट्य विभागात निर्माते होते. १९७२ मध्ये ते स्कारबरोचे कलासंचालक झाले आणि २००९ पर्यंत, म्हणजे सदतीस वर्षे, त्या पदावर राहिले.

इमारतींचे सांगायचे तर, १९७६ मध्ये मंडळी ग्रंथालयातून उठून मुलांच्या एका जुन्या हायस्कूलच्या तळमजल्यावर, वेस्टवूड येथे गेली. ती तात्पुरती सोय होती. तात्पुरत्या सोयीचे काय होते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको; तेथे वीस वर्षे गेली. १९९६ मध्ये रेल्वे स्थानकासमोरचे, १९३६ साली बांधलेले आणि १९८८ पासून बंद पडलेले ओडिऑन सिनेमागृह नव्याने सजवून त्यात आजचे स्टीफन जोसेफ नाट्यगृह उघडले. त्यात दोन प्रेक्षागृहे आहेत. 'द राउंड' हे मुख्य, सुमारे चारशे आसनांचे, आणि 'मॅकार्थी' हे एका बाजूने पाहण्याचे, सुमारे एकशेपासष्ट आसनांचे. दुसऱ्यात चित्रपटही दाखवतात. बाहेरून पाहिले तर आजही जुने सिनेमागृहच वाटते. आत 'राउंड'मध्ये पहिल्या रांगेत बसलात की पाय आखडून घ्यावे लागतात, कारण रंगमंचाची कड जेथे संपते तेथेच तुमचे बूट असतात. आणि समोर नटाच्या पलीकडे दुसऱ्या बाजूच्या प्रेक्षकांचे चेहरे उजेडात दिसत राहतात. प्रथम याने लक्ष विचलित होते, पण वीसेक मिनिटांनंतर त्याची जाणीव राहत नाही.

---

नेपथ्यघर

वरील प्रतिसादात इतिहास उत्तम आला आहे. मी नेपथ्य आणि प्रकाशयोजना करतो, तेव्हा चहूबाजूंच्या मांडणीविषयीच बोलतो. कारण करवीरनिवासी यांच्या तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर 'होय, निकटचा संबंध आहे' असे आहे.

कोल्हापूरकराला ही मांडणी समजावून द्यायला नाट्यगृहाच्या शेजारचे खासबाग मैदान पुरेसे आहे. शाहू महाराजांनी १९०२ च्या विलायत दौऱ्यात रोमचे कलोसियम पाहिले आणि पुढे कुस्तीचे हे मैदान बांधवले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. मध्ये हौदा, सभोवती चढत जाणारी बैठक आणि कोणत्याही कोपऱ्यातल्या माणसाला डाव दिसेल अशी सोय. मल्लाची पाठ नेहमी कोणाच्या तरी बाजूला असते आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण पाठ फिरलेली असतानाही अंगाची हालचाल बोलत असते. गोल रंगमंचावरच्या नटाचे गणित तेच. कमानी, म्हणजे एकाच बाजूने पाहण्याच्या नेहमीच्या रंगमंचावर आपण नटाला 'प्रेक्षकांना पाठ दाखवू नकोस' असे पहिल्या दिवशी शिकवतो. येथे कोणाला तरी पाठ दाखवल्याशिवाय उभेच राहता येत नाही, म्हणून सतत, परंतु सकारण, जागा बदलत राहावे लागते. कारण नसताना नुसता फिरणारा नट तेथे ताबडतोब उघडा पडतो.

नेपथ्यात भिंती उभ्या करता येत नाहीत, दारे उभी करता येत नाहीत, उंच कपाट ठेवले तर पंचवीस-तीस माणसांची दृष्टी अडते. मग उरते काय? जमीन, बुटके फर्निचर, हातातल्या वस्तू आणि उजेड. गोल रंगमंचात नेपथ्यकाराची बरीचशी कला जमिनीवर ओतली जाते, कारण वरच्या रांगांतून सर्वाधिक दिसते ती जमीन. प्रकाशयोजना मात्र अवघड होते. एका बाजूच्या प्रेक्षकाला जो समोरचा प्रकाश, तोच समोर बसलेल्याच्या डोळ्यांत जाणारा झोत. त्यामुळे दिवे बरेच उभे, वरून खाली टाकावे लागतात आणि त्यांची संख्या वाढते. स्कारबरोच्या १९९६ च्या इमारतीत याच कारणाने दोन गोष्टी मुद्दाम केल्या गेल्या. एक म्हणजे प्रेक्षागृहाच्या वर तारांचे ताणलेले जाळे, ज्यावर तंत्रज्ञ चालत जाऊन कोणत्याही दिव्याशी पोहोचू शकतो. शिडी लावण्याचे काम नाही. दुसरी म्हणजे संपूर्ण रंगमंच खाली उतरवणारा उद्वाहक, ज्यामुळे खालीच नेपथ्य बदलून वर आणता येते. शिडी धरायला दोन मुले, वर चढायला एक आणि 'पडशील रे' म्हणायला अख्खे मंडळ, अशा पद्धतीने आयुष्यभर दिवे लावलेल्या माझ्यासारख्याला या जाळ्याचा हेवा वाटतो.

आता मुख्य मुद्दा. नेपथ्याचा खर्च वाचतो म्हणून ही मांडणी गरीब मंडळींना परवडते, हे खरेच; परंतु स्कारबरोत त्याहून मोठी गोष्ट घडली. तेथल्या अडचणींतून नाटकांची रचनाच निघाली. 'हाऊ द अदर हाफ लव्ह्ज' (१९६९) मध्ये दोन वेगळ्या घरांचे दिवाणखाने एकाच जागेत एकमेकांवर पसरलेले आहेत, आणि दोन वेगळ्या रात्रींची दोन जेवणे एकाच वेळी, एकाच टेबलाशी चालतात. पाहुणे जोडपे फिरत्या खुर्च्यांवर बसून दोन्हीकडे हजर असते. 'टेकिंग स्टेप्स' (१९७९) मध्ये तीन मजल्यांचे घर एकाच सपाट जमिनीवर मांडले आहे. प्रत्यक्षात नसलेले जिने चढण्या-उतरण्याचा अभिनय नट करतात आणि तळमजल्यावरचा माणूस माळ्यावरच्या माणसाच्या हातभर अंतरावरून त्याला न पाहता निघून जातो. कमानी रंगमंचावर हे नाटक करता येते, पण त्यातली निम्मी गंमत जाते, कारण सपाट जमीन वरून पाहणारा प्रेक्षकच तेथे नसतो. भिंत बांधता येत नाही ही अडचण ज्या लेखकाने वर्षानुवर्षे स्वतः सोसली, नट म्हणून, दिवे लावणारा म्हणून, दिग्दर्शक म्हणून, त्यालाच हे सुचते.

---

तिसरी घंटा

चर्चा छान चालली आहे, तरी थोडा विरोधी सूर लावतो.

वरील दोन्ही प्रतिसादांतून जे चित्र उभे राहते, ते एका माणसाच्या नाट्यगृहाचे आहे. एकबॉर्न यांनी ऐंशीहून अधिक नाटके लिहिली आणि त्यांतली बहुतेक प्रथम स्कारबरोत झाली. असा लेखक एखाद्या गावाच्या वाट्याला शतकात एकदा येतो, तोही लंडनमध्ये जन्मलेला. तेव्हा 'स्कारबरोने करून दाखवले, कोल्हापूरला का जमू नये' हा युक्तिवाद म्हणजे 'बालगंधर्व होते, मग आपल्या मंडळात का असू नयेत' असे विचारण्यासारखे आहे. शिवाय तेथे आर्ट्स कौन्सिलचे, म्हणजे कलांना सरकारी पैसा देणाऱ्या संस्थेचे, आणि स्थानिक प्रशासनाचे अनुदान होते. आपल्याकडे हौशी संस्थेला मिळणारी मदत आणि तिकिटविक्री यांच्या जोरावर पगारी नटसंच वर्षभर कोण पोसणार?

दुसरे असे, की सगळेच टिकले असे नाही. त्याच गावात समुद्राला लागून फ्यूचरिस्ट नावाचे सुमारे दोन हजार आसनांचे थिएटर होते. १९२१ साली सिनेमागृह म्हणून सुरू झालेले, १९६३ मध्ये बीटल्स जेथे गाऊन गेले ते हे. २०१४ मध्ये ते बंद पडले आणि २०१८ मध्ये पाडून टाकले गेले. वाचवण्यासाठी लोकांनी आंदोलन केले, त्याचा उपयोग झाला नाही. म्हणजे स्कारबरो हे काही नाटकवेड्यांचे नंदनवन नव्हे. यशस्वी उदाहरण पुढे करताना त्याच गावातले पाडलेले उदाहरण झाकून ठेवू नये.

---

पेनाइनपलीकडे

तिसरी घंटा, फ्यूचरिस्टचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो आपण काढलात हे बरे झाले. मात्र त्यातून मी आपल्या उलट निष्कर्षाकडे जातो. फ्यूचरिस्ट हे बाहेरून येणाऱ्या कार्यक्रमांचे घर होते. मोठे गायक, विनोदवीर, दौऱ्यावरचे खेळ आले तर गर्दी, नाही तर कुलूप. सुटी घालवायला लोक परदेशी जाऊ लागले तशी ती गर्दी आटली. स्टीफन जोसेफ नाट्यगृहाचा माल घरचा होता. मंडळी आपले नाटक स्वतः तयार करत होती आणि लंडन त्यांच्याकडून घेत होते. 'रिलेटिव्हली स्पीकिंग' १९६५ मध्ये स्कारबरोत वेगळ्या नावाने आले, १९६७ मध्ये लंडनला गेले आणि एकबॉर्न यांचे नाव झाले. त्या नाटकाची मागणी करताना जोसेफ यांनी सांगितलेली अपेक्षा मला फार आवडते. पावसाने सुटीचा विचका झालेले लोक अंग कोरडे करायला नाट्यगृहात शिरतात. पुन्हा आपल्या खाणावळवालीकडे परतण्यापूर्वी त्यांना हसवील असे काही लिही, एवढीच ती होती.

या सुटीच्या ग्राहकाचा परिणाम नाटकांच्या घडणीवरही झाला. उन्हाळ्यात आठवड्यासाठी आलेल्या कुटुंबाला एकाहून अधिक नाटके पाहता यावीत म्हणून एकाच आठवड्यात आलटून पालटून वेगवेगळी नाटके लावत. १९७३ मध्ये एकबॉर्न यांनी 'द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स' ही नाट्यत्रयी लिहिली. एकाच घरातला एकच शनिवार-रविवार, पहिल्या नाटकात जेवणघर, दुसऱ्यात बैठकीची खोली, तिसऱ्यात बाग. पाहुणा तिन्ही पाहीलच याची खात्री नाही आणि ठरलेल्या क्रमाने पाहील याची तर मुळीच नाही. म्हणून प्रत्येक नाटक स्वतंत्र उभे राहिले पाहिजे आणि कोणत्याही क्रमाने पाहिले तरी चालले पाहिजे, अशी त्याची रचना केली. तिन्ही पाहणाऱ्याला मात्र, जेवणघरातून रागाने निघून गेलेला माणूस बागेत जाऊन काय करतो, हे नंतर कळते आणि आधीचे हसणे थोडे बदलते. १९९९ मध्ये याच्याही पुढे जाऊन 'हाऊस' आणि 'गार्डन' ही दोन नाटके नव्या इमारतीच्या दोन प्रेक्षागृहांत एकाच वेळी, एकाच नटसंचाने केली. नट एका प्रयोगातून बाहेर पडून धावत दुसऱ्यात प्रवेश करत.

'एका माणसाचे नाट्यगृह' या आक्षेपात तथ्य आहे, तरीही तो पुरता खरा नाही. १९८७ मध्ये एकबॉर्न लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये काम करत होते आणि स्कारबरोची जबाबदारी रॉबिन हरफर्ड यांच्याकडे होती. नाताळात एक जादा प्रयोग करायचा होता, पैसे थोडे होते, नट थोडे होते. स्टीफन मॅलट्रॅट यांनी सुझन हिल यांच्या भयकादंबरीचे असे रूपांतर केले, की बोलणारे नट दोनच लागावेत. आणि तो प्रयोग मुख्य रंगमंचावरही नव्हे, नाट्यगृहाच्या बारमध्ये झाला. तेच 'द वूमन इन ब्लॅक'. १९८९ मध्ये लंडनच्या फॉर्च्यून थिएटरमध्ये लागले आणि तेथे मार्च २०२३ पर्यंत चालले. प्रयोगांची संख्या तेरा हजारांच्या वर गेली. टिम फर्थ यांचे 'नेव्हिल्स आयलंड' हेही १९९२ मध्ये प्रथम स्कारबरोत झाले. २००९ नंतर ख्रिस मंक्स, २०१६ पासून पॉल रॉबिन्सन अशी कलासंचालकांची परंपरा पुढे चालली आणि एकबॉर्न पद सोडल्यावरही नवी नाटके तेथेच देत राहिले.

अनुदानाविषयी आपण म्हणता ते निर्विवाद आहे. त्याशिवाय हे झाले नसते.

---

रंकाळावेस

एक छोटी भर. जोसेफ यांच्या मंडळीत डेव्हिड कॅम्प्टन हे लेखक आरंभापासून होते. त्यांच्या 'द ल्युनॅटिक व्ह्यू' (१९५७) या नाटकाच्या उपशीर्षकातला 'धास्तीची विनोदिका' अशा अर्थाचा शब्दप्रयोग पुढे समीक्षकांनी पिंटर यांच्या नाटकांना चिकटवला. म्हणजे एकबॉर्न येण्यापूर्वीच तेथे लेखक होते. रोप आधी लावले गेले, वृक्ष नंतर झाला, एवढेच मला तिसरी घंटा यांना सुचवायचे आहे.

---

करवीरनिवासी

सर्वांचे मनापासून आभार. अपेक्षेपेक्षा पुष्कळ मिळाले.

तिसरी घंटा यांच्या हिशेबी शंकेला उत्तर माझ्यापाशी नाही, आणि बालगंधर्वांचा टोला मी मुकाट्याने झेलतो. तरी मला या सगळ्यात एक गोष्ट निर्णायक वाटते. जोसेफ यांनी इमारतीची वाट पाहिली नाही. आपल्याकडेही असे झालेले आहे. 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले, तेव्हा त्यांच्याकडे तरी काय होते? शाळेचा हॉल, मोजके दिवे आणि जवळ बसलेले प्रेक्षक. परंतु छबिलदास मुंबईत होते. नट, लेखक, समीक्षक सगळे लोकलच्या अंतरावर. स्कारबरोचे विशेष हे, की केंद्रापासून दूर राहून त्यांनी आपले नाटक केंद्राकडे पाठवले, आणि तेही पहिला प्रयोग आपल्या गावचा, हा हट्ट न सोडता. कोल्हापुरातून आजवर नट गेले, गायक गेले, तंत्रज्ञ गेले, चित्रपटसृष्टीच येथून गेली. पण येथे प्रथम झाले असे लेबल लावलेले नाटक सातत्याने बाहेर जात राहिले आहे, असे मला दिसत नाही. ते का, यावर वेगळा धागा काढावा लागेल.

सध्या एवढेच विचारतो. आमच्या मंडळाने एखाद्या शाळेचा किंवा मंगल कार्यालयाचा हॉल घेऊन चहूबाजूंनी प्रेक्षक बसवून स्थानिक लेखकाचे नाटक करायचे ठरवले, तर नेपथ्यघर यांच्या मते किमान काय लागेल? आणि सरावासाठी एकबॉर्न यांचे नाटक मराठीत रूपांतरित करून केले तर चालेल का?

---

नेपथ्यघर

जागा निवडताना लांबट हॉल टाळा, चौकोनाकडे झुकणारा घ्या. छताची उंची पुरेशी आहे का ते पाहा, कारण दिवे वरून टाकायचे आहेत. मंगल कार्यालयांतले खोटे छत आणि झुंबरे येथे घातक ठरतात. मध्ये साधारण अठरा ते वीस फुटांचा चौक सोडा आणि सभोवती तीन, फार तर चार रांगा ठेवा. पहिली रांग जमिनीवर चटयांची, दुसरी साध्या खुर्च्यांची, त्यामागची मंडपवाल्याच्या चौकींवर चढवलेली, असे केले की स्वतंत्र बैठक बांधावी लागत नाही. दीडशे प्रेक्षक आरामात बसतात. नटांच्या येण्याजाण्यासाठी कोपऱ्यांतून निदान दोन, शक्य तर चार वाटा मोकळ्या ठेवा, आणि त्याच वाटा प्रेक्षकांना बाहेर पडण्यासाठीही असतील याची काळजी घ्या. त्या वाटांत खुर्ची टाकून पाहुण्यांची सोय करण्याचा मोह प्रत्येक आयोजकाला होतो. तो केशवरावच्या आगीनंतर तरी कोणी करू नये. वायरिंगचा भार, अग्निशामक नळकांडी आणि दारांच्या कड्या हे प्रयोगाच्या दिवशी दुपारी पाहायचे विषय नाहीत.

तालमीत दिग्दर्शकाने एका जागी बसू नये. रोज बाजू बदलावी. एका बाजूने पाहून बसवलेले नाटक उरलेल्या तीन बाजूंना पाठमोरे होते आणि ते प्रयोगाच्या रात्री कळून उपयोग नसतो.

---

पेनाइनपलीकडे

रूपांतराविषयी: एकबॉर्न यांच्या नाटकांचे हक्क राखीव आहेत, आणि हौशी प्रयोगासाठीसुद्धा, तिकीट असो वा नसो, हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडून लेखी परवानगी घ्यावी लागते, भाषांतर वा रूपांतर करायचे असल्यास त्याची वेगळी. पत्रव्यवहारास वेळ लागतो, तेव्हा स्पर्धेच्या तोंडावर अर्ज करू नये. सरावापुरते वाचन करायचे असेल तर 'ॲब्सर्ड पर्सन सिंग्युलर' (१९७२) घ्या. लागोपाठच्या तीन नाताळांत तीन जोडप्यांची तीन स्वयंपाकघरे, आणि दरवेळी यजमान व पाहुणे यांची प्रतिष्ठा खालीवर झालेली. दुसऱ्या अंकात एक बाई पूर्ण वेळ जीव देण्याचा प्रयत्न करत असते आणि घरात आलेली माणसे तिला मदत करायची म्हणून ओव्हन घासतात, सिंक दुरुस्त करतात, दिवा बसवतात. ती काय करते आहे हे एकालाही दिसत नाही. चहूबाजूंनी बसवून वाचा. हसू कोणत्या बाजूला आधी फुटते आणि कोणत्या बाजूला थांबते, ते लिहून ठेवा. मग आपल्या लेखकाला त्या वाचनाला मुद्दाम बोलवा आणि त्यालाही एखादी भूमिका वाचायला द्या.

---

तिसरी घंटा

भूमिका लहान द्या, म्हणजे तो कुरकुर करील.